मावशीच्या अंगठ्या आणि माझा अठ्ठावीस शक्तीचा वीर

माझं वजन चव्वेचाळीस किलो आहे. जॅमची नवी बाटली मला उघडत नाही. ती घेऊन मी शेजारच्या आजोबांकडे जाते. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते एका पिळात झाकण काढतात आणि वर "लोणी खात जा जरा" असंही सुनावतात. त्यामुळे रविवारच्या खेळात मी जे पात्र घेतलं होतं, ते सात फुटी होतं. मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. हातात लोखंडी गदा. त्याला वाचता येत नव्हतं आणि त्याची त्याला अजिबात खंत नव्हती.

हा खेळ आम्ही डोंबिवलीला माझ्या घरी खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाचं एक पात्र. त्याची शक्ती, चपळाई, अक्कल हे सगळं कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. एक जण गोष्ट सांगत जातो: समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे, आता तुम्ही काय करता? आपण काय करतो ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशावर आलेल्या आकड्यात आपल्या शक्तीबिक्तीचा बोनस मिळवायचा. बेरीज पुरेशी झाली तर जमलं, नाहीतर दरीत.

गोष्ट सांगणारी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती ठाण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते, म्हणून आणि खेळातही सगळ्यांना तीच शिस्त लावते म्हणून, आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. ती खाडीकाठच्या कोळी घरातली. तिच्या तीन पिढ्या होड्यांवर गेल्या आणि हिला तलावातल्या पॅडल बोटीतही मळमळतं. म्हणून असेल, पण तिच्या गोष्टीतली सगळी संकटं पाण्यातून येतात.

तिसरा भिडू म्हणजे माझ्या ऑफिसातला, शेजारच्या खुर्चीवरचा. राहायला दिवा स्टेशनजवळ, म्हणून आमच्यासाठी तो दिव्याचा मित्र. त्याच्या इमारतीत रविवारी दुपारी पाऊण तास पाणी येतं, ते भरून झालं की तो निघतो. त्याचा जादूगार जगातली कुठलीही नदी उलटी वाहवू शकतो, पण खेळात कायम उशिरा पोहोचतो.

मी आणि तो घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीत भोक कुठे आहे, हे शोधायचा आम्हाला पगार मिळतो. ही सवय रविवारी सुटत नाही.

तर झालं असं, की पात्र तयार करताना गुण वाटून घ्यायचे असतात. मी माझ्या वीराला मूळ शक्ती दिली फक्त आठ. आठ म्हणजे लोणी न खाणारा माणूस. बाकीचे गुण मी चपळाईत आणि तब्येतीत घातले. कारण माझा बेत पक्का होता: शक्ती काय, जादूच्या वस्तूंनी वाढवता येते! सहा महिने मी गुहा धुंडाळल्या, व्यापाऱ्यांशी घासाघीस केली, एका मेलेल्या राजाच्या कंबरेचा पट्टा काढून घेतला. मग एका रविवारी मी मास्तरणीसमोर कागद ठेवला. पट्ट्याचे सहा, हातमोज्यांचे चार, काढ्याचे चार, अंगठीचे दोन. मुळातले आठ धरून शक्ती चोवीस.

मास्तरणीने लाल पेन काढलं. वह्या तपासायचं. आणि सगळं खोडून तिने लिहिलं: चौदा.

"अगं! दहा कुठे गेले?"

"एकाच प्रकारचे बोनस एकमेकांवर चढत नाहीत," ती म्हणाली. "पट्टा, मोजे, काढा, अंगठी, हे सगळे 'वस्तूचे' बोनस आहेत. त्यातला सगळ्यात मोठा एकच धरायचा. बाकीचे अंगावर असले काय, नसले काय."

"हे कुठे लिहिलंय?"

तिने पान उघडून दाखवलं. पानाला खूण आधीच घातलेली होती. म्हणजे सहा महिने ती मला मोजे गोळा करताना बघत होती आणि गप्प बसली होती.

त्याच आठवड्यात मावशी आली.

मावशी आंबिवलीला राहते. पस्तीस वर्षं तिने घरी बसून ब्लाऊज शिवले. शिलाई मशीनच्या पेडलवर दोन्ही गुडघे झिजले आणि उजवा तर पार गेला. डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांनी तो बदलायचं ठरवलं, म्हणून ती चार दिवस आधी माझ्याकडे आली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मावशी प्रत्येक जिन्यावर बसत, देवाचं नाव घेत, मला आणि बिल्डरला शिव्या देत वर चढली. दुसऱ्या दिवशी लॅबच्या माणसाने घरी येऊन रक्त नेलं, तर साखर भरमसाट. डॉक्टर म्हणाले, साखर खाली आल्याशिवाय गुडघ्याला हात लावणार नाही. मावशी म्हणाली, "आता मी हे जिने पुन्हा चढायची नाही. एकदाच उतरणार, ती ऑपरेशनलाच." म्हणून ती राहिली. चार दिवसांचे तीन महिने झाले.

मावशीच्या अंगावर तेव्हा काय काय होतं ते सांगायला हवं. उजव्या हातात पोवळं आणि पुष्कराज, डाव्या हातात मोती, एक कासवाची अंगठी आणि एक तांब्याची साधी. मनगटात तांब्याचं कडं, ते खास गुडघ्यासाठी. गळ्यात ताईत. पायात काळा दोरा, तोही आजारी पायात. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाने सांगितलेली, वेगळ्या कारणासाठी. गुडघा या सगळ्यांना न जुमानता दुखत होता. मी एकदा तसं म्हटलं तर ती म्हणाली, "हे नसतं तर किती दुखला असता, ते तुला काय माहीत?" याला उत्तर नाही. मी सॉफ्टवेअर तपासते, मला कळतं की याला उत्तर नाही.

पहिल्या रविवारी ती आमच्या शेजारी मटार सोलत बसली. मी अजून त्या दहा गुणांवरून भांडतच होते.

"पट्टा कंबरेला आहे, मोजे हातात आहेत," मी म्हणत होते. "दोघांची गाठसुद्धा पडत नाही. मग बेरीज का नाही?"

"बाळे," मावशी मटारातून मान वर न करता म्हणाली, "अस्तरावर अस्तर लावलं तर ब्लाऊज दुप्पट चांगला होतो का?"

"काय?"

"होत नाही. नुसता अंगात जात नाही. अस्तर एकच लावायचं, चांगलं लावायचं. पण अस्तर लावलं म्हणून पायपिंग करू नये असं थोडंच आहे? हूक लावू नये असं आहे? ती वेगळी कामं. ती सगळी एकावर एक चालतात."

मास्तरणीने लाल पेन खाली ठेवलं. "मावशी, मी हिला हे आठवडाभर समजावतेय."

"तू पुस्तकातून समजावत असशील," मावशी म्हणाली.

त्या दिवशी मटार अर्धे सोलून राहिले. मावशीला सगळी यादी वाचून दाखवावी लागली: बोनस किती प्रकारचे असतात, कुठला कशाने मिळतो. वस्तूचा एक. देवाच्या कृपेचा एक. हिमतीचा एक, तो कुणी स्फुरण चढेल असं गाणं म्हटलं की मिळतो. आकाराचा एक, म्हणजे जादूने माणूस मोठा केला की. आणि नशिबाचा एक. मावशी ऐकत होती आणि बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "मग हिला मोजे कशाला हवेत? मोजे विका. देऊळ शोधा."

पुढच्या रविवारी ती खेळायलाच बसली. मास्तरणीने विचारलं, कुठलं पात्र हवं? योद्धा, चोर, जादूगार?

"शिंपीण नाही का?"

"नाही मावशी, शिंपीण असं..."

"एवढे सगळे राक्षस मारायला जातात, त्यांचे कपडे कोण शिवतं?"

मास्तरीण विचारात पडली. मग तिने पुस्तक मिटलं आणि मावशीसाठी एक शिंपीण नव्याने बनवली. शक्ती सात, चपळाई सोळा, हत्यार कात्री. कपड्यावर मंत्र शिवता येतात, पण एका वेळी एकच. मावशीने नाव ठेवायला नकार दिला. म्हणाली, गिऱ्हाईकं मला नावाने कधीच हाक मारत नाहीत, ब्लाऊजच्या तारखेने मारतात.

तिच्या आणि मास्तरणीच्या खटक्यांना इथूनच सुरुवात झाली. पहिला खटका अंगठ्यांवरून. नियम असा, की जादूच्या अंगठ्या दोनच चालतात, एका हातात एक.

"तुमच्या माणसाला बोटं किती?" मावशीने विचारलं.

"दहा."

"मग दोनच का?"

"जास्त घातल्या तर त्यांची जादू एकमेकींत अडकते."

मावशीने स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. पाच अंगठ्या. दिव्याच्या मित्राने पाणी प्यायचं निमित्त काढलं.

"नियमात तसंच आहे, मावशी," मास्तरीण हळू आवाजात, पण तेच म्हणाली.

"कठीण आहेस गो," मावशी म्हणाली. पण तिच्या शिंपिणीच्या हातातल्या तिसऱ्या अंगठीवर तिने स्वतःच काट मारली.

दुसरा खटका चिक्कीवरून. मावशीची साखर खाली येईना. मी डबे लपवले, तिने शोधले. मग मास्तरणीने एके दिवशी जाहीर केलं, की टेबलावर जो गोड खाईल त्याच्या पात्राचा त्या दिवसापुरता एक गुण जाईल. प्रत्येक तुकड्याला एक. हा कुठला नियम, असं मावशीने विचारलं. हा घरचा नियम, मास्तरीण म्हणाली. त्या दिवशी मावशीच्या शिंपिणीची चपळाई सोळावरून अकरावर आली आणि ती एका मांजराच्या आकाराच्या बेडकाकडून हरली. पुढच्या रविवारी चिक्कीचा डबा मावशीने स्वतः शेजारच्या आजोबांकडे पोहोचवला. दारातून दारात, मध्ये जिना नव्हता म्हणून.

इकडे माझा वीर मोठा होत होता. मावशीच्या सांगण्यावरून मी मोजे विकले. देऊळ शोधलं, तिथल्या देवतेची तीन कामं केली, कृपा मिळवली. दिव्याच्या मित्राचा जादूगार मला मंत्राने फुगवायला तयार झाला. त्याने वाटेत एक भाट पण जमवला, जो मारामारीच्या वेळी गाणं म्हणायचा. मावशीच्या शिंपिणीने माझ्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला नशिबाचा एक टाका घातला. आणि एका रविवारी मी पुन्हा मास्तरणीसमोर कागद ठेवला. मुळातले आठ. वस्तूचे सहा. कृपेचे चार, हिमतीचे चार, आकाराचे चार, नशिबाचे दोन. अठ्ठावीस.

मास्तरणीने लाल पेन काढलं. वरून खाली वाचलं. खालून वर वाचलं. पेनचं टोक चावलं. मग टोपण लावलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मी टेबलाभोवती नाचले. मावशीने माझी दृष्ट काढली, खरोखर, मीठमोहऱ्या घेऊन. मास्तरणीच्या यादीत हत्ती पंचवीस होता!

त्यानंतरचे दोन रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. मी दरवाजे उघडले नाहीत, भिंतीतून गेले. एका सरदाराला त्याच्या घोड्यासकट उचलून बाजूला ठेवलं, कारण तो रस्त्यात होता. मास्तरीण शांतपणे गोष्ट सांगत राहिली आणि हळूहळू आम्हाला एका खाडीच्या दिशेने नेत राहिली. मला तेव्हा संशय यायला हवा होता.

खाडीच्या चिखलातून एक म्हातारी खेकडीण वर आली. घराएवढी. मी सव्वा मण वजनाचं चिलखत घालून, चौदा फूट फुगून, भाटाच्या गाण्याच्या तालावर तिच्यावर धावून गेले.

"खेकडीण एक नांगी वर करते," मास्तरीण म्हणाली, "आणि म्हणते, उतर."

"काय उतर?"

"उतारा आहे तो. अंगावरची सगळी जादू उतरली. चिखलातून बाहेर पडेपर्यंत."

एकेक करत तिने सांगितलं. पट्ट्याची जादू गेली. कृपा गेली. भाटाचा घसा बसला. मी सर्रकन लहान झाले. नशिबाचा टाका उसवला. राहिली मूळ शक्ती आठ, आणि अंगावर सव्वा मणाचं चिलखत.

"तू उताणी पडतेस," मास्तरीण म्हणाली. "भरती येतेय."

मी उठायला फासा टाकला. तीन. पुन्हा टाकला. सहा. अठरा पाहिजे होते. मी चिखलात कासवासारखे हातपाय हलवत होते आणि पाणी कानापर्यंत आलं होतं. दिव्याच्या मित्राचा जादूगार नदी उलटी वाहवू शकतो, पण खाडीचं काय, तर खाडी दोन्हीकडे वाहते, असं भूगोलाच्या बाईंनी त्याला ऐकवलं.

शेवटी मावशीची शिंपीण शक्ती सात घेऊन चिखलात उतरली. चिलखत उचलायच्या भानगडीत ती पडलीच नाही. तिने कात्रीने त्याचे सगळे पट्टे कापले, माझ्या वीराच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्याला चड्डी-सदऱ्यावर ओढून काठाला आणलं. सहा महिन्यांची कमाई खाडीत बुडाली. बाहेर आल्यावर वीर रडला. मीही थोडी रडले, पण ते मटार सोलायला उठले तेव्हा स्वयंपाकघरात.

मावशी मास्तरणीवर भयंकर चिडली. "सगळं एका फटक्यात? अगं, शिवण उसवायलासुद्धा वेळ लागतो!"

"नियमात आहे, मावशी."

"तुझ्या नियमांना काही माया आहे की नाही?"

"नियमांना कशी माया असेल?" मास्तरीण म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. पुढच्या रविवारी खेळ झाला नाही. मावशी मोबाइलवर कीर्तन ऐकत बसली आणि दर थोड्या वेळाने म्हणत राहिली, "बरं झालं नाही आली ते." त्याच्या पुढच्या रविवारी मास्तरीण सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून केलेला भात घेऊन आली, तिच्या आईने दिलेला. मावशीने दोनदा वाढून घेतला, पण बोलली नाही.

आणि मग साखर खाली आली. डॉक्टर म्हणाले, बुधवारी या.

तीन जिने मावशी कशी उतरली, हे मी सांगत बसत नाही. प्लास्टिकची खुर्ची, दिव्याचा मित्र, शेजारचे आजोबा आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक कुत्रा, एवढं म्हणजे पुरे. दवाखान्यात कपडे बदलून झाले, सुई टोचून झाली आणि नर्सबाई एक छोटा ट्रे घेऊन आल्या.

"आजी, अंगावरचं सगळं काढायचं यात. अंगठ्या, कडं, ताईत, दोरा."

मावशीने दोन्ही हात चादरीखाली घेतले. "नाही काढणार."

"काढावंच लागतं. आत काहीच चालत नाही."

"मग ऑपरेशन नको."

नर्सबाईंनी समजावलं. मी समजावलं. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी समजावलं, घड्याळात बघत. मावशीने डोळे मिटून घेतले होते. मी तिच्या बाजूला बसले तेव्हा दिसलं, की चादरीखाली ती एकेक अंगठी चाचपतेय. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना गप्प करणारी माझी मावशी. तिचा नवरा आजारी पडला तेव्हा तिने पहिली अंगठी घातली होती, ते मला तोवर माहीत नव्हतं. ते तिने त्या दिवशी सांगितलं. "एकेक करून जमवलंय गं," ती म्हणाली. "सगळं काढलं की मी नुसतीच मी राहणार. तुझ्या त्या गड्यासारखी. पडेन ना चिखलात."

मग म्हणाली, "त्या कठीण बाईला फोन लाव."

मास्तरीण तेव्हा शाळेत होती. तिने फोन उचलला तेव्हा मागे तीस-चाळीस मुलं एका सुरात महाराष्ट्रातल्या नद्या म्हणत होती. मी स्पीकर लावला.

"मावशी? काय झालं?"

"नियम विचारायचाय," मावशी म्हणाली. "अंगावरून काढलेल्या अंगठीचा गुण किती वेळ टिकतो?"

मुलं गोदावरीवरून भीमेवर गेली.

"थांबा, वर्गाबाहेर येते," मास्तरीण म्हणाली. दार बंद झाल्याचा आवाज आला. मग तिने तिच्या खेळातल्या आवाजात, अजिबात घाईगडबड न करता विचारलं, "काढून कुठे ठेवणार?"

"ट्रेत म्हणतात."

"ट्रेत नाही चालणार. रक्ताच्या नातेवाइकाच्या अंगावर पाहिजेत. आणि तो त्याच इमारतीत पाहिजे. तसं असेल तर बारा तास."

"बारा?"

"बारा तास. पण त्या माणसाने जागेवरून हलायचं नाही."

मावशीने डोळे उघडले. "एका हातात एकच चालते ना पण? पाच आहेत."

"दोन बोटांत," मास्तरीण म्हणाली. "तीन मुठीत धरायच्या. मूठ उघडायची नाही."

भूल देणारे डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी घड्याळात बघणं सोडून दिलं होतं.

"आणि समजा," मावशीचा आवाज बारीक झाला, "समजा तरी उतरलं सगळं. तर माझी मूळची किती?"

"तुमची मूळ शक्ती?"

"हं."

"मावशी, त्या गुडघ्याने तुम्ही तीन मजले चढलात. अठरा आहे. माणसाला मुळात याच्यापेक्षा जास्त असतच नाही."

"नक्की? उगाच म्हणत नाहीस ना?"

"मी उगाच कधी काही दिलंय का तुम्हाला?"

मावशीने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "चिक्कीसुद्धा नाही दिलीस." आणि तिने हात चादरीबाहेर काढले.

चार अंगठ्या निघाल्या, पोवळं निघेना. बोट सुजलं होतं. नर्सबाईंनी साबण लावला, तेल लावलं. शेवटी मावशीने रीळ मागितलं. तिच्या पिशवीत होतंच. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सरकवायला लावलं, उरलेला दोरा बोटावर जवळजवळ, घट्ट गुंडाळायला लावला, आणि खालचं टोक धरून तो उलटा उकलायला लावला. "ओढू नकोस गं, नुसतं फिरव." अंगठी दोऱ्याबरोबर गोल गोल फिरत बाहेर आली. नर्सबाई म्हणाल्या, हे मी बाकीच्यांनाही शिकवणार.

दारातून आत जाताना मावशी ओरडून म्हणाली, "लिहून ठेव, अठरा."

मी बाहेर बाकावर बसले. अंगठ्यावर पुष्कराज, कारण बाकीच्या बोटांतून तो गळत होता. दुसऱ्या अंगठ्यावर पोवळं. उजव्या मुठीत तीन अंगठ्या. कडं दंडापर्यंत सरकवलेलं, गळ्यात ताईत, पायात दोरा. दिव्याचा मित्र सुट्टी टाकून आला होता. त्याने वडापाव आणले. मला मूठ उघडता येत नव्हती आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावरची अंगठी निसटून पडेल असं वाटत होतं, म्हणून त्याने मला भरवलं. समोरच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे फार कणवेने बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "होईल हो सगळं नीट. नवीन लग्न आहे का?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मावशी शुद्धीवर आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, "मोज."

मी मूठ उघडली. कासव, तांबं. मोती नव्हता.

पुढचा अर्धा तास दिव्याचा मित्र दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. सफाईच्या मावशींनी आधी त्याला हाकललं, मग मदत केली. वडापावच्या कागदात, लाल चटणीत, मोती सापडला. मी मूठ कधी सैल केली मला आजही माहीत नाही. बहुतेक चटणीला दाद देताना.

"चटणी लागली मोत्याला," मावशी म्हणाली. "आता?"

पुन्हा फोन. शाळा सुटली होती. मास्तरणीने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "धुतला की येतो परत."

नंतर मास्तरीण दवाखान्यात आली, तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं. बारा तास, रक्ताचा नातेवाईक, मूठ, हे कुठल्या पुस्तकात आहे?

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "नद्या पाठ करून घेता घेता सुचलं. मावशीला सांगितलंस तर बघ."

मी सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी मावशीला जास्त वेळ खुर्चीत बसायची परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही तिच्या आंबिवलीच्या घरी जमलो. तळमजला आहे. वॉकर भिंतीला टेकवलेला, टाके निघालेले, पाय स्टुलावर. पाचही अंगठ्या बोटांत होत्या. माझ्या नव्या वीराची मूळ शक्ती मी या वेळी पंधरा ठेवली होती आणि मला ते सगळ्यांना सांगायचं होतं. पण मावशीने बोलूच दिलं नाही.

"आधी माझं," ती मास्तरणीला म्हणाली. "हा नवा गुडघा धातूचा आहे. बाहेरून आणून बसवलाय. म्हणजे वस्तूचा बोनस. बरोबर?"

"बरोबर," मास्तरीण सावधपणे म्हणाली.

"पण तो काढता येत नाही. माझ्या हाडाला चिकटलाय. म्हणजे तो माझाच झाला. मग तो मुळात धरायचा. आणि मुळात धरला, तर वर कडं वेगळं."

मास्तरणीने पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. दिव्याचा मित्र म्हणाला, काढता येत नाही म्हणजे मुळातच. मी म्हटलं, वस्तू ती वस्तू. मावशी म्हणाली, तुझ्या दाताला सिमेंट भरलंय ते काय वस्तू आहे का? शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांचंही मत घेण्यात आलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या नवऱ्याच्या छातीत स्प्रिंग आहे, ती कशात धरणार?

मास्तरणीने लाल पेन काढलं, आणि काकूंना बसायला खुर्ची दिली.